पृष्ठ एकशे बारा, उदाहरण सातवं

आमच्या घरात गणित नाही, असं मी आयुष्यभर लोकांना सांगत आले. काही घरांत मधुमेह असतो, तसं आमच्या घरात गणित नसतं, असा माझा सूर असायचा. आईला नव्हतं, मला नाही, माझ्या मुलीलाही नाही. ऐकणारे 'असतं एकेकाचं' म्हणून मान हलवायचे आणि विषय मिटायचा. बावन्नाव्या वर्षी धाकट्या मालकांनी दहावीच्या बीजगणिताचं गाईड टेबलावरून माझ्याकडं सरकवलं, तेव्हाही मी हेच बोलले. त्यांनी मान हलवली नाही.

मी मुद्रितशोधक. म्हणजे प्रुफं तपासणारी बाई. शनिपाराच्या मागच्या एका बोळात आमचं प्रकाशन आहे, पाचवी ते दहावीची गाईडं काढणारं. कसबा पेठेतल्या घरातून निघायचं, पंधरा मिनिटं चालायचं, खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचं आणि लाल पेन उघडायचं, हे मी तीस वर्षं केलं. मी लागले तेव्हा शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छपाई व्हायची. मग कॉम्प्युटर आले, खिळे भंगारात गेले आणि खिळे जुळवणारी माणसं एकेक करून घरी गेली. मी राहिले, कारण कॉम्प्युटरला ऱ्हस्व-दीर्घ कळत नव्हतं. आपल्याला कुणी हलवू शकत नाही असं मला त्या वेळी वाटून गेलं, आणि ते वाटणं बरीच वर्षं टिकलं.

काम मला थोरल्या मालकांनी शिकवलं. त्यांचा एकच नियम होता. "बाई, अर्थात शिरायचं नाही. अर्थात शिरलात की डोळा चूक सोडून पुढं पळतो. मूळ प्रतीबरहुकूम आहे की नाही, तेवढं बघा." मी तो इतका मनावर घेतला की गणिताची प्रुफं उलटी वाचायला लागले, शेवटच्या ओळीकडून पहिलीकडं. कंसाला कंस, उणेला उणे, आकड्याला आकडा. माझ्या हातून गेलेल्या गणिताच्या गाईडांत सगळ्यांत कमी चुका असतात, हे थोरले मालक चारचौघांत सांगायचे. न समजता केलेल्या कामाचा मला केवढा अभिमान होता, हे आता लिहिताना टोचतं.

तशी ही सवय शाळेतलीच. आमच्या गणिताच्या सरांना चाळीस वह्या तपासायचा कंटाळा होता. माझा आवाज खणखणीत होता आणि फळ्यापाशी उभं केलं की माझ्या हातून एक आकडा उमटायचा नाही. एकदा मी फळ्यासमोर पूर्ण तास नुसती उभी राहिले, तेव्हा सर म्हणाले, "तुझ्याच्यानं सोडवणं होणार नाही. तू आपली मागच्या पानावरची उत्तरं वाचून दाखवत जा." त्या दिवसापासून मी उत्तरं वाचायची आणि वर्ग बरोबर-चूक खुणा करायचा. तीन वर्षं मी वर्गातली एकमेव मुलगी होते जिला सगळी उत्तरं ठाऊक होती आणि एकही गणित येत नव्हतं.

तर धाकटे मालक. हे थोरल्यांचे चिरंजीव, इंजिनियर. हिंजवडीत दहा वर्षं संगणकाची नोकरी, मधली दोन वर्षं परदेशात. थोरले गेल्यावर सगळं सोडून प्रकाशनात आले. लहानपणी प्रेसमध्ये यायचे तेव्हा मी त्यांना अरे-तुरे करायची. आता अहो-जाहो करते, पण ते अजून मला काकूच म्हणतात.

"काकू, भाषेची प्रुफं आता सॉफ्टवेअर वाचतं," ते म्हणाले.

"वाचतं खरं. परवा त्यानं 'वर्तुळाची जीवा'चं 'वर्तुळाची जीभ' केलंय."

"ते मी बघतो. पण गणिताची उत्तरं चुकलीत म्हणून पालकांच्या मेल येतायत. मला जुळवून बघणारं माणूस नको, सोडवून बघणारं पाहिजे. दिवाळीनंतर नवी आवृत्ती छापायला जाईल. तोवर ह्याची उत्तरसूची स्वतः सोडवून तपासून द्या. जमलं तर खुर्ची तुमचीच."

"आणि नाही जमलं तर?"

"तर काय, तुम्ही आता आराम करायचा."

पुण्यात माणसाला 'उद्यापासून येऊ नका' असं कुणी म्हणत नाही, आराम करायला सांगतात. मला आराम नको होता. त्या खुर्चीत मी कुणीतरी होते. तिच्याबाहेर मी कसबा पेठेतल्या दुसऱ्या मजल्यावरची एक बाई होते, जिला 'आज भाजी काय' एवढं विचारलं जायचं. दिवाळीला साडेतीन महिने होते.

आधी मुलीला फोन केला. ती वाकडला राहते, संगणक कंपनीत माणसं नेमायच्या खात्यात आहे. दहावीला गणितात जेमतेम सुटली आणि पुढं आर्ट्सला गेली. तिनं माझं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, मला विचारू नकोस हं. आपल्या घरात गणित नाही, तूच सांगतेस." तिच्या दहावीला आमचंच गाईड होतं, प्रेसमधून मिळालेलं. "आई, माझं उत्तर जुळत नाही" म्हणून ती यायची, आणि मी मटार सोलता सोलता सांगायची, "ते पुस्तक मी स्वतः तपासलंय. तूच चुकली असशील." फोनवर तिनं त्यातलं काही काढलं नाही. माझ्या मोबाईलवर एक अॅप मात्र चढवून दिलं.

त्या अॅपचं मी काय वर्णन करू! चुकीचं उत्तर दिलं की पडद्यावर एक पिवळं अस्वल डोळे पुसायचं. बरोबर आलं की नाचायचं आणि 'शाब्बास, छोट्या दोस्ता!' अशी अक्षरं यायची. पहिल्या आठवड्यात ते अस्वल इतकं रडलं की मला त्याची दया यायची सोडून चीड आली. समोर फुटाण्यांची वाटी घेऊन बसलेले आमचे हे म्हणाले, "दहावी झाली की बारावीलाही बसणार का? म्हणजे मी डब्याचं बघतो." मी मोबाईल उशीखाली कोंबला आणि दोन दिवस काढला नाही.

मग यूट्यूबवर एक मास्तर सापडले. विदर्भातले असावेत. पांढऱ्या फळ्यावर निळ्या पेनानं लिहायचे आणि दर दोन मिनिटांनी म्हणायचे, "टेन्शन घ्याचं काम नाही. हे तर एकदम सोपं आहे." सोपं आहे, हे वाक्य कायद्यानं बंद करायला हवं. ज्याला येतं त्यालाच ते सोपं असतं, आणि ज्याला येत नाही त्याला ऐकू येतं की एवढं सोपंही तुला येत नाही. मी व्हिडिओ थांबवायची, मागं न्यायची, पुन्हा तेच ऐकायची. नेट अडकलं की मास्तर तोंड उघडं ठेवून थांबायचे, आणि मी त्यांच्याकडं बघत माझ्या जन्माला बोल लावायची.

पहिल्या तीन व्हिडिओंनंतर माझी वही बघितली तर तिच्यात गणित एकही नव्हतं. अकरा शब्द होते, मास्तरांनी फळ्यावर चुकीचे लिहिलेले. 'समीकरण'ची 'मी' त्यांनी तिन्ही व्हिडिओंत पहिली काढली होती. मी सवयीप्रमाणं अक्षरं तपासत बसले होते आणि गणित डोळ्यांखालून निघून गेलं होतं. तरी मी खाली प्रतिक्रियेत लिहिलंच, की समीकरण दीर्घ. त्यांचं उत्तर आलं, "ताई, वेलांटी दुरुस्त केली. आता एखादं गणितही पाठवा." खरं तर तो टोमणा पुण्याला शोभणारा होता. मी खूप चिडले, आणि त्या रागात पहिल्यांदा पेन्सिल घेऊन एक उदाहरण पूर्ण लिहून काढलं. चुकलं.

पुढचे दोन महिने चुकण्यातच गेले. उणे उणे अधिक का, हे मी चार वेगवेगळ्या व्हिडिओंत ऐकलं आणि चारही वेळा तेवढ्यापुरतं पटलं. बरोबरच्या चिन्हापलीकडं आकडा नेला की त्याचं चिन्ह बदलतं, हे मला आठवायचं, पण नेल्यावर आठवायचं. सगळ्यांत वाईट म्हणजे फळ्यापुढची ती भीती. स्वयंपाकघरात माझ्याशिवाय कुणी नसायचं, तरी एक्स दिसला की पेन्सिल अडायची. स्वतःच्या घरात, स्वतःच्या ओट्यापाशी, बावन्नाव्या वर्षी मी मेलेल्या सरांना घाबरत होते. एकदा तर वही भिंतीवर फेकली आणि मग खाली बसून ढसाढसा रडले. ह्यांनी या वेळी चेष्टा न करता ती उचलून टेबलावर ठेवली.

गणेशोत्सव झाला, नवरात्र आलं. गाईडातलं एकेक उदाहरण मी सोडवत होते आणि उत्तर मागच्या पानाशी जुळवत होते. जुळलं की पुढचं. असं करत पृष्ठ एकशे बारावर आले. उदाहरण सातवं होतं: 'आईचे आजचे वय मुलीच्या वयाच्या तिप्पट आहे. पाच वर्षांपूर्वी ते मुलीच्या त्या वेळच्या वयाच्या चौपट होते. तर दोघींची आजची वये काढा.'

मी मुलीला एक्स मानलं. पहिल्या झटक्यात मुलीचं वय शून्य आलं आणि आईचंही शून्य. दोघी एकाच दिवशी जन्मल्या होत्या. कंसातल्या एक्सला चारनं गुणलं होतं आणि पाचाला गुणायचं राहिलं होतं, हे कळायला मला संध्याकाळ लागली. मग कंस नीट सोडवला. मुलगी पंधरा, आई पंचेचाळीस. मी मोठ्या तोऱ्यात मागचं पान उघडलं. तिथं लिहिलं होतं: ३६ व १२.

मी पुन्हा केलं. पंचेचाळीस, पंधरा. आईला एक्स मानून केलं. पंचेचाळीस, पंधरा. नवीन पान घेतलं, हात-पाय धुऊन आले, पुन्हा केलं. चार दिवस मी तेच करत होते. छत्तीस ही बाराची तिप्पट आहेच, म्हणजे पुस्तक बरोबर दिसत होतं. चूक माझी, ती फक्त मला सापडत नव्हती. मंडईत भोपळ्याची फोड घेताना डोक्यात तेच, पोळी लाटताना तेच. अडीच महिने केलेलं सगळं वाया गेलं असं वाटायला लागलं. सर बरोबर बोलले होते, माझ्याच्यानं सोडवणं होणार नव्हतं. मी धाकट्या मालकांना सांगायचं वाक्यही तयार केलं: नाही जमलं, करते आराम.

ते सांगायला जायच्या आदल्या दिवशी मास्तरांना प्रतिक्रियेत उदाहरण टाकलं. 'माझे उत्तर उत्तरसूचीशी जुळत नाही. माझे कुठे चुकले?' असं शुद्ध विचारलं. दुपारी उत्तर आलं, "ताई, पुस्तकाले कायले विचारता? ताळा करून पाहा ना."

ताळा. हा शब्द मी आजवर किमान हजार वेळा तपासला असेल. 'ताळा करून पाहा', प्रत्येक धड्याखाली छापलेलं असतं. त्यातला 'ळ' नीट उमटलाय का ते मी बघायची. तो माझ्यासाठीही लिहिलेला असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

पंचेचाळीसमधून पाच गेले, चाळीस. पंधरातून पाच गेले, दहा. दहा चोक चाळीस. मग छापलेलं उत्तर घेतलं. छत्तीसातून पाच गेले, एकतीस. बारातून पाच गेले, सात. सात चोक अठ्ठावीस. मी ते एकतीस आणि अठ्ठावीस बराच वेळ बघत बसले. बोटांवर मोजून खात्री केली. पुस्तक चुकलं होतं.

आनंद झाला असता तर बरं झालं असतं. मला संताप आला. चार दिवस मी स्वतःला मूर्ख ठरवत होते, आणि समोर छापलेल्या दोन आकड्यांची वजाबाकी करून बघायची मला बुद्धी झाली नव्हती. तिसरीतलं पोर हे करतं. पण तिसरीतल्या पोराला अजून कुणी सांगितलेलं नसतं की पुस्तक चुकत नाही.

दुसऱ्या दिवशी प्रेसमध्ये जाऊन पोटमाळ्यावरचे जुने गठ्ठे काढले. सगळ्यांत जुन्या आवृत्तीत तेच उदाहरण होतं, फक्त 'पाच वर्षांपूर्वी'च्या जागी 'चार वर्षांपूर्वी' होतं. चारला ३६ व १२ अगदी बरोबर येतं. पुढच्या आवृत्तीत पुस्तक नवं दिसावं म्हणून लेखकांनी चारचे पाच केले आणि उत्तर बदलायला विसरले. उत्तरसूचीचं ते प्रूफही गठ्ठ्यात होतं. प्रत्येक आकड्यावर माझी लाल टिंबं, मूळ प्रतीबरहुकूम, आणि खाली माझ्या वळणदार अक्षरात 'तपासले' लिहून सही.

लपवता आलं असतं. नव्या आवृत्तीत आकडे बदलले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. पण धाकटे मालक नेमके पोटमाळ्याच्या जिन्याशी आले आणि मी दोन्ही कागद त्यांच्यापुढं धरले.

"काकू! एक्सलंट!" ते म्हणाले. "बघा, म्हटलं होतं ना? हे पास कुणी केलं होतं पण?"

"मी."

"जाऊ द्या. कोण बघतंय आता? खुर्ची तुमचीच. नव्या आवृत्तीत करून टाका दुरुस्त."

"शुद्धिपत्र लावायला हवं. इतकी वर्षं चुकीचं उत्तर पोरांच्या हातात गेलंय."

"शुद्धिपत्र नव्या पुस्तकाला लावतात. जुनी केव्हाच रद्दीत गेली असतील."

पुस्तकं रद्दीत गेली असतील, हे मलाही पटलं. ती सोडवणाऱ्या पोरांचं काय, हे विचारायचं राहून गेलं. जी खुर्ची वाचवायला तीन महिने डोकं फोडून घेतलं, ती मिळाल्यावर मी तिच्यात जेमतेम तासभर बसले आणि डोकं दुखतंय म्हणून घरी आले.

ह्यांना स्टुलावर चढवून माळ्यावरची मुलीच्या शाळेची पेटी काढायला लावली. गाईड होतं. तिच्या गोल अक्षरातलं नाव, प्रेसचा 'विनामूल्य प्रत' असा शिक्का. पृष्ठ एकशे बारा काढलं. समासात पेन्सिलीनं ४५, १५ लिहिलेलं होतं आणि त्यावर जोरात फुली. त्याखाली पुन्हा ४५, १५, पुन्हा फुली. आणि उदाहरणातल्या छापील 'पाच' या शब्दावर कागद खरवडून पातळ झाला होता. पान खिडकीशी तिरपं धरलं तेव्हा खोडलेली अक्षरं दिसली. 'पाच'वर काट मारून तिनं वर 'चार' लिहिलं होतं.

मग मला आठवलं. तिनं पुस्तक माझ्यासमोर धरलं होतं, काहीतरी समजावून सांगत होती. मी बघितलं ते एवढंच, की छापलेल्या अक्षरावर पेन्सिल चाललीय. छापलेल्यावर गिरगटायचं नाही, म्हणून मी तिच्या हातात खोडरबर दिलं होतं. पंधरा वर्षांच्या मुलीनं उत्तरावरून उलटं जाऊन लेखकाची चूक नेमकी कुठं झाली ते शोधलं होतं, जे मला तीस वर्षांच्या नोकरीत जमलं नव्हतं. आणि वर मी तिच्यादेखत चारचौघांत सांगत फिरले, आमच्या घरात गणित नाही.

पानाचा फोटो काढून तिला पाठवला. जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन आला.

"हे कुठून काढलंस?"

"पाचाचे चार तू केले होतेस?"

"हो. मग उत्तर येत होतं ना."

"तू बरोबर होतीस गं. पुस्तक चुकलं होतं. मी चुकवलं होतं."

तिच्या मागं कँटीनचा गलका ऐकू येत होता.

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "चांगला आठवडाभर माहीत होतं, आई. मग तू इतक्यांदा म्हणालीस की मलाच वाटलं, आपलंच चुकत असणार. नंतर मी मागचं उत्तर बघूनच पुढं जायला लागले." मग म्हणाली, "बरं, मीटिंग आहे," आणि ठेवला.

मी मोबाईल टेबलावर ठेवला. नंतर कोऱ्या कागदाची एक पट्टी कापली, पुस्तकाच्या शेवटी चिकटवतात तेवढी, आणि लाल पेन घेतलं. वर 'शुद्धिपत्र' लिहिलं. खाली लिहिलं, 'पृष्ठ ११२, उदाहरण ७: ३६ व १२ ऐवजी ४५ व १५ असे वाचावे.' त्याखाली दुसरी ओळ लिहिली, "'तूच चुकली असशील' ऐवजी 'आई चुकली' असे वाचावे." मूळ प्रत समोर नव्हती. दोन्ही ओळी मी सावकाश, सरळ, अर्थासकट वाचल्या आणि खाली 'तपासले' लिहून सही केली.